एकाला जिंकवायला सात जण का झिजतात? सायकल शर्यतीतल्या स्प्रिंटचं गणित

तारीख ९ जुलै २०२१. ठिकाण फ्रान्समधलं कार्कासोन. टूर द फ्रान्स या जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीचा १३ वा टप्पा संपत आला होता. जवळपास २२० किलोमीटर तुडवून आलेला घोळका शेवटच्या सरळ रस्त्याला लागला आणि काही सेकंदांत निकाल लागला. ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश पहिला आला.

हा त्याचा टूरमधला ३४ वा टप्पा-विजय. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७५ पर्यंत ३४ टप्पे जिंकले होते. त्या विक्रमाशी बरोबरी व्हायला ४६ वर्षं लागली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोटो छापले गेले ते कॅव्हेंडिशचे.

पण त्या निकालाची दुसरी ओळ फार कमी लोकांनी वाचली. दुसरा आला होता डेन्मार्कचा मिकेल मॉर्कोव्ह. हा कॅव्हेंडिशच्याच संघातला. शेवटच्या काही मीटरपर्यंत तोच पुढे होता आणि कॅव्हेंडिश त्याच्या मागे. टूरचा एक टप्पा जिंकला, तर सायकलपटूच्या नावापुढे ती गोष्ट आयुष्यभर लागते. तरीही मॉर्कोव्हला स्वतः जिंकायचं नव्हतं. कॅव्हेंडिशला योग्य क्षणी, योग्य वेगात, योग्य जागी आणून सोडायचं, एवढंच त्याचं काम होतं. ते करताना दुसरा नंबर आपोआप आला.

असं का? सायकल शर्यत म्हणजे जो जोरात पायडल मारेल तो जिंकेल, इतकं साधं प्रकरण नाही का? तर नाही. सविस्तर बघू.

आधी शर्यत समजून घेऊ

टूर द फ्रान्स ही 'स्टेज रेस' आहे. म्हणजे एका दिवसात संपणारी शर्यत नव्हे. साधारण तीन आठवडे, २१ टप्पे, मध्ये दोन दिवस सुट्टी आणि एकूण अंतर ३,३०० ते ३,५०० किलोमीटर. दर संघात ८ जण. २०१७ पर्यंत ते ९ असायचे.

सगळ्या टप्प्यांची वेळ बेरजेत धरली जाते. ज्याची एकूण वेळ सगळ्यात कमी, त्याला यलो जर्सी आणि शेवटी विजेतेपद. पण त्याशिवाय शर्यतीच्या आत आणखी शर्यती चालू असतात. रोजचा टप्पा जिंकणं ही एक वेगळी शर्यत. रोजच्या क्रमांकाचे आणि वाटेतल्या स्प्रिंटचे गुण जमवणाऱ्याला ग्रीन जर्सी. घाट चढण्यात पहिला असणाऱ्याला लाल ठिपक्यांची जर्सी. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब असतो, तसाच हा प्रकार.

आता गंमत बघा. घाटात जिंकणारा माणूस शिडशिडीत असतो. सपाटीवर शेवटच्या २०० मीटरमध्ये जिंकणारा स्प्रिंटर अंगाने दणकट असतो. ही दोन वेगवेगळी शरीरं आहेत. कॅव्हेंडिशसारखा स्प्रिंटर संपूर्ण टूर कधीच जिंकू शकत नाही, कारण डोंगराळ टप्प्यात तो अर्धा-पाऊण तास मागे पडतो. त्याच्या वाट्याला तीन आठवड्यांत पाच-सात सपाट टप्पे येतात. तेवढ्यासाठी तो उरलेले दिवस कसाबसा काढतो.

सगळा खेळ हवेचा आहे

लहानपणी समोरून वारा असताना सायकल चालवली असेल, तर अर्धं उत्तर तुम्हाला माहीत आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेलं की सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. आणि हा विरोध सरळ चालीने वाढत नाही. वेग वाढला की लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० वरून ७० वर जायचं असेल, तर वेग वाढतो जेमतेम सहाव्या हिश्शाने, पण हवेशी झगडायला ताकद लागते दीडपटीहून जास्त.

आता हाच सायकलपटू दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून गेला तर? पुढचा हवा फोडतो आणि मागच्याला आयता आडोसा मिळतो. हायवेवर ट्रकच्या मागे बाइक असली की वारा अचानक पडल्यासारखा वाटतो, तेच हे. एकामागे एक जाताना मागच्याची पाव ते एक तृतीयांश ताकद सहज वाचते.

मोठ्या घोळक्यात तर कमालच होते. या घोळक्याला फ्रेंचमध्ये 'पेलोटॉन' म्हणतात. बर्ट ब्लॉकेन या संशोधकाच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या मधल्या-मागच्या भागातल्या माणसाला जाणवणारा हवेचा विरोध एकट्याने चालवणाऱ्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के असतो, असं त्यात दिसलं.

म्हणजे पाच तास घोळक्यात लपून आलेला माणूस शेवटच्या किलोमीटरला बऱ्यापैकी ताजा असतो, आणि पाच तास पुढे राहून वारा खाल्लेला माणूस संपलेला असतो. सायकल शर्यतीतल्या सगळ्या डावपेचांचं मूळ इथे आहे. ताकद प्रत्येकाकडे असते. ती कोणाची खर्च करायची आणि कोणाची राखून ठेवायची, हे संघ ठरवतो.

सकाळी पळालेले दुपारी का सापडतात?

सपाट टप्प्याची गोष्ट साधारण रोज सारखीच असते. झेंडा पडला की दोन-चार जण घोळक्यातून सुटून पुढे पळतात. याला 'ब्रेकअवे' म्हणतात. घोळका त्यांना जाऊ देतो. चार-पाच मिनिटांची आघाडी मिळते, टीव्हीवर त्यांचे चेहरे दिसतात, जर्सीवरच्या प्रायोजकाचं नाव दिसतं. आणि शेवटाला दहा-पंधरा किलोमीटर उरले की घोळका त्यांना गिळून टाकतो.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की बिचाऱ्यांचं नशीब वाईट. खरं तर हा हिशोब असतो. समजा ५० किलोमीटर उरलेत आणि पुढच्यांकडे ५ मिनिटं आहेत. ते दमलेत आणि ताशी ४५ ने चाललेत. घोळक्याने ताशी ४८-४९ चा वेग धरला, तरी ते बरोबर शेवटच्या रेषेजवळ सापडतात. जास्तीचे फक्त तीन-चार किलोमीटर. पुढे चार जण आळीपाळीने वारा खातात, मागे सव्वाशे-दीडशे जण आडोशाला आहेत. पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. फ्रान्समध्ये रॉबेर शापात या सायकलपटू-पत्रकाराच्या नावाने एक ठोकताळाच आहे: दर १० किलोमीटरला १ मिनिट आघाडी असेल, तरच पळालेला सुटतो.

मग लवकर का पकडत नाहीत? कारण ५० किलोमीटर आधीच पकडलं, तर नवे ताज्या दमाचे लोक पळतील आणि पुन्हा पाठलाग करावा लागेल. म्हणून पतंगाला ढील द्यावी तसं पुढच्यांना दोरीवर ठेवायचं.

ही दोरी हातात धरण्याचं काम स्प्रिंटरच्या संघातला एखादा माणूस तासन्‌तास करतो. २०२१ मध्ये कॅव्हेंडिशच्या डेकूनिंक-क्विक स्टेप संघात हे काम बेल्जियमच्या टिम डेक्लेर्ककडे होतं. त्याचं टोपणनाव 'ट्रॅक्टर'. सकाळपासून घोळक्याच्या तोंडाला राहायचं, वारा खायचा, पुढच्यांची आघाडी वाढू द्यायची नाही. टीव्हीवर मुख्य थरार सुरू होतो, तेव्हा ट्रॅक्टरचं काम संपलेलं असतं आणि तो मागे कुठेतरी निवांत पायडल मारत येत असतो.

कधीकधी हिशोब जवळजवळ चुकतोही. २०२५ च्या टूरमध्ये शातोरूला जाणाऱ्या ९ व्या टप्प्यात मॅथ्यू व्हॅन डर पूल आणि योनास रिकार्ट हे एकाच संघातले दोघे सुरुवातीलाच पळाले. जवळपास १७४ किलोमीटरचा टप्पा. व्हॅन डर पूल पकडला गेला तो थेट शेवटच्या किलोमीटरमध्ये. टप्पा जिंकला बेल्जियमचा स्प्रिंटर टिम मर्लिअर.

ट्रेन येतेय, बाजूला व्हा

आता शेवटचे पाच किलोमीटर. इथे प्रत्येक संघ आपल्या माणसांची एक रांग लावतो. याला 'लीड-आउट ट्रेन' म्हणतात. सगळ्यात पुढे एक जण, त्याच्या चाकाला दुसरा, मग तिसरा आणि शेवटी स्प्रिंटर. पुढचा माणूस जीव तोडून चालवतो. त्याची ताकद संपली की तो बाजूला होतो आणि दुसरा इंजिन बनतो. मग तिसरा. दर बदलाला वेग वाढत जातो. वेग इतका ठेवायचा की मागून कुणाला ओलांडून पुढे येणंच परवडू नये.

शेवटचा किलोमीटर सुरू होतो तिथे रस्त्यावर लाल खूण असते. ताशी ६५ च्या वेगाने हा किलोमीटर एका मिनिटाच्या आत संपतो. साधारण २०० ते २५० मीटर उरले की शेवटचा साथीदार स्प्रिंटरला सोडतो आणि स्प्रिंटर पहिल्यांदा स्वतः वाऱ्यात येतो. तिथून रेषेपर्यंत १०-१२ सेकंद. या वेळात मोठे स्प्रिंटर दीड हजार वॉटच्या आसपास ताकद लावतात, म्हणजे जवळपास दोन हॉर्सपॉवर. शरीर ही ताकद एवढाच वेळ देऊ शकतं. म्हणून कुठे सोडायचं हे महत्त्वाचं. १०० मीटर आधी सोडलं तर स्प्रिंटर रेषेआधीच आटतो. उशिरा सोडलं तर दुसरा कोणीतरी पुढे निघून गेलेला असतो.

दहीहंडी आठवा. हंडी फोडणाऱ्या गोविंदाचा फोटो येतो, पण खालच्या थराने कधी आणि किती वजन पेललं यावर सगळं अवलंबून असतं. फरक इतकाच की इथे थर ताशी ६५ किलोमीटरने धावत असतात आणि दुसऱ्या पथकाचे लोक त्यांच्यात घुसत असतात.

हे तंत्र आजचं नाही. १९९० च्या दशकात इटलीच्या मारिओ चिपोलिनीसाठी त्याचा साएको संघ लाल जर्सीतली ट्रेन लावायचा. १९९९ च्या टूरमध्ये चिपोलिनीने सलग चार टप्पे जिंकले. पुढे कॅव्हेंडिशच्या कोलंबिया-एचटीसी संघाने ते आणखी धारदार केलं. २००९ मध्ये कॅव्हेंडिशने एकाच टूरमध्ये सहा टप्पे जिंकले. पॅरिसमधल्या अखेरच्या टप्प्यात तो पहिला आणि त्याला सोडणारा मार्क रेनशॉ दुसरा आला. म्हणजे कार्कासोनचा निकाल बारा वर्षं आधीही लागून गेला होता.

'डोमेस्टिक' म्हणजे घरगडी

या मदतनीसांना सायकलिंगमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ घरगडी. टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी १९११ मध्ये मॉरिस ब्रोको या सायकलपटूला हिणवायला हा शब्द वापरला होता, कारण तो पैसे घेऊन दुसऱ्याला मदत करत होता. शिवी म्हणून आलेला शब्द पुढे पदाचं नाव बनला.

गडी काय करतो? संघाच्या गाडीपर्यंत मागे जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणतो. नायकाचं चाक पंक्चर झालं, तर स्वतःचं काढून देतो. तो मागे पडला तर थांबतो आणि वारा खात त्याला परत घोळक्यात आणून सोडतो.

आणि ही पदं कायमची नसतात. २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स आणि कॅव्हेंडिश एकाच टीम स्कायमध्ये होते. विगिन्सला संपूर्ण टूर जिंकायची होती, त्यामुळे संघातल्या बहुतेक जागा घाटात मदत करणाऱ्यांना गेल्या. कॅव्हेंडिश तेव्हा जगज्जेता होता. तरीही जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी घालून बाटल्या वाहताना तो दिसला. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये फेड झाली. यलो जर्सीतला विगिन्स, जो टूर जिंकल्यात जमा होता, तो शेवटच्या टप्प्यावर ट्रेनचं इंजिन बनला आणि कॅव्हेंडिशने टप्पा जिंकला. राजाने गड्याचं काम केलं, असा हा दुर्मिळ प्रसंग.

२०२३ मध्ये व्हॅन डर पूलने तेच केलं. स्वतः शर्यतीमागून शर्यती जिंकणारा हा माणूस त्या टूरमध्ये यास्पर फिलिप्सनला सोडायचं काम करत होता. फिलिप्सनने चार टप्पे जिंकले.

पैशाचंही सांगायला हवं. टूरचा एक टप्पा जिंकला की ११ हजार युरो मिळतात. प्रथा अशी की बक्षिसाचे पैसे संघात वाटले जातात. चांगला लीड-आउट करणाऱ्याला संघ पगारही तसाच देतो. हा त्याग असला तरी तो व्यवसाय आहे.

घाटात मात्र उलटी शर्यत

सपाटीचा राजा घाटात शेवटच्या रांगेत असतो. तिथे त्याची लढत घड्याळाशी असते. दर टप्प्याला वेळेची मर्यादा ठरते, ती विजेत्याच्या वेळेवरून टक्केवारीने. त्यात पोहोचला नाहीत तर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून मागे पडलेले सगळे स्प्रिंटर आणि त्यांचे साथीदार एकत्र गट करून घाट चढतात. यात कालचे प्रतिस्पर्धीही एकमेकांना सांभाळून घेतात.

२०२१ मध्ये तीन्यच्या डोंगराळ टप्प्यात कॅव्हेंडिश मर्यादेच्या आत आला, तेव्हा हातात दोन मिनिटंही उरली नव्हती. साथीदार त्याच्यासोबत राहिले नसते, तर पाच दिवसांनी कार्कासोन झालंच नसतं. पुढच्या वर्षी त्याच संघाचा फाबिओ याकोबसन पेराग्यूदच्या चढावर मर्यादेच्या काही सेकंद आधी रेषेवर पोहोचला. वर त्याचे साथीदार ओरडून त्याला बोलवत होते.

जिवावरचा खेळ

याकोबसनचं नाव आलंच आहे, तर ही गोष्ट टाळता येणार नाही. ५ ऑगस्ट २०२०, पोलंडमधलं कातोवित्से. उताराचा शेवट, वेग ताशी ८० च्या घरात. पुढे असलेला नेदरलँड्सचा डिलन ग्रुनेवेगन आपली ओळ सोडून कडेला सरकला आणि मागून येणारा, त्याच्याच देशाचा याकोबसन कठड्यांवर आदळला. चेहऱ्याला १३० टाके पडले, जवळजवळ सगळे दात गेले, डॉक्टरांनी त्याला औषधाने कोमात ठेवलं. ग्रुनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली.

स्प्रिंटचा मुख्य नियम हाच आहे: एकदा स्प्रिंट सुरू केला की आपली ओळ सोडून दुसऱ्याच्या वाटेत यायचं नाही. डोकं, खांदा, कोपर वापरायचं नाही. २०१० मध्ये रेनशॉने शेजारच्या सायकलपटूला डोक्याने धक्के दिले, तर त्याला थेट टूरबाहेर काढलं होतं.

धोका वाढतो तो आणखी एका कारणाने. यलो जर्सीचे दावेदारही शेवटी पुढेच राहू बघतात, कारण मागे कोणी पडलं तर त्यांची वेळ जाते. एकाच रस्त्यावर सगळ्यांना पुढे जायचं असतं. म्हणून सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये कोणी पडला किंवा सायकल बिघडली, तर तो ज्या गटात होता त्या गटाचीच वेळ त्याला देतात. अलीकडे काही टप्प्यांत ही हद्द ५ किलोमीटरपर्यंत वाढवली जाते. २०२५ पासून फुटबॉलसारखी यलो कार्डही आली आहेत. एका शर्यतीत दोन मिळाली की शर्यतीबाहेर आणि सात दिवस बंदी.

याकोबसनचं पुढे काय झालं? शस्त्रक्रिया झाल्या, तो परतला. २०२२ मध्ये टूरची सुरुवात डेन्मार्कमध्ये होती. २ जुलैला नायबोर्गमधला टप्पा याकोबसनने जिंकला. दुसऱ्याच दिवशी सोनरबोर्गमधला टप्पा जिंकला ग्रुनेवेगनने.

आणि ३५ वा?

बरोबरी झाल्यावर कॅव्हेंडिशला एकच टप्पा हवा होता. २०२३ मध्ये बोर्डोला तो रेषेजवळ पुढे होता, पण गिअर घसरला आणि फिलिप्सन पुढे निघून गेला. दुसऱ्या दिवशी पडून खांद्याजवळचं हाड मोडलं. तो निवृत्त होणार होता, तरी एक वर्ष वाढवलं. त्याच्या अस्ताना संघाने २०२४ साठी एक जुना माणूस बोलावून घेतला. मिकेल मॉर्कोव्ह.

२०२४ च्या पहिल्याच टप्प्यात इटलीच्या उन्हात कॅव्हेंडिशला उलट्या झाल्या. साथीदारांनी त्याला सोबत करत वेळेत आणलं. चार दिवसांनी, ३ जुलैला, सँ-व्हूलबामध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी त्याने ३५ वा टप्पा जिंकला.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय स्टेज रेस झाली, त्यामुळे हा खेळ आता आपल्याही रस्त्यांवर आलाय. पुढच्या वेळी स्प्रिंट बघाल तेव्हा रेषेवर हात वर करणाऱ्याला बघाच. पण नंतर कॅमेरा मागे वळला, तर दीडशे मीटर मागे पायडल मारणं थांबवलेला, धापा टाकणारा आणि तरीही हात वर केलेला कोणी दिसतोय का, तेही बघा. त्याच्या संघातलाच कोणीतरी जिंकलेला असतो.